‘वि’ ऱ्हस्वच, पण तेवढ्याने भागत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतल्या एका लेखाचा मथळा होता : ‘चालकवीरहित मोटारी आल्या, आता गाडी विकत कशाला?’ ‘विरहित’मधला ‘वि’ ऱ्हस्व. तो दीर्घ केला की चालक-वीरांचे हित पाहणारी मोटार, असा भलताच अर्थ निघतो. एकतीस वर्षे मुद्रितशोधन केले, त्यामुळे डोळा आधी तिथेच जातो. पण हे पत्र त्या वेलांटीसाठी नाही. मथळ्यातले बाकीचे शब्द शुद्ध आहेत आणि तरीही चूक आहेत, म्हणून लिहिते आहे.

यात माझा स्वार्थ आहे, तो आधी सांगून टाकते. मला काचबिंदू आहे. या दुखण्याची तऱ्हा अशी की समोरचे अक्षर न अक्षर दिसते, अनुस्वारसुद्धा सुटत नाही; झिजत जाते ती कडेची नजर. पानावर त्याने काही अडत नाही, रस्त्यावर अडते. दोन वर्षांपूर्वी मी डावीकडे वळत होते आणि त्याच बाजूने एक सायकल येत होती. ती मला अंधुक दिसली असे नाही. ती तिथे नव्हतीच, आणि मग एकदम बॉनेटला लागून होती. सायकलवरच्या मुलाने बॉनेटवर तळहाताने थाप मारली तेव्हा माझा पाय ब्रेकवर गेला. त्याला खरचटलेही नाही. माझ्याकडे एकदा बघून तो निघून गेला आणि मी तिथेच इंजिन बंद करून बसले, मागचे हॉर्न वाजवत राहिले. त्या दिवशी घरी कशीबशी आले. त्यानंतर किल्ली फिरवते ती फक्त बॅटरी उतरू नये म्हणून.

तेव्हापासून भेटेल तो धीर देतो, ‘थांबा हो थोडी वर्षे, गाडी आपली आपण चालेल.’ ती तशी चालावी असे माझ्याइतके कोणाला वाटत असेल? 2015 मध्ये अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरात एका दृष्टिहीन गृहस्थांनी गूगलच्या गाडीतून भर रस्त्यावर एकट्याने फेरी मारली. त्या गाडीला स्टिअरिंगही नव्हते आणि पेडलही नव्हते. ती बातमी मी कापून ठेवली आहे. थट्टा करावी म्हणून हे पत्र लिहीत नाही, एवढे त्यावरून कळावे.

पण आपल्या लेखात तीन वेगवेगळ्या गाड्या एकाच शब्दाखाली कोंबल्या आहेत. अभियंते या गाड्यांच्या शून्य ते पाच अशा सहा पायऱ्या मानतात. दुसऱ्या पायरीवरची गाडी लेन धरते, पुढच्या गाडीपासून अंतर राखते, ब्रेकही लावते. पण नजर तुमची लागते आणि चुकले तर दोषही तुमचाच. टेस्लाने आपल्या यंत्रणेला ‘पूर्ण स्वयंचालन’ अशा अर्थाचे नाव दिले होते. 2024 मध्ये त्या नावाला ‘देखरेखीखाली’ अशा अर्थाची कंसातली शेपटी जोडावी लागली. पूर्ण, पण देखरेखीखाली! असे वाक्य माझ्या टेबलावर आले असते तर मी लेखकाला बोलावून विचारले असते, यातला कोणता शब्द ठेवू? तिसऱ्या पायरीची गाडी मर्सिडीजने 2022 मध्ये जर्मनीत विकायला काढली. तेव्हा महामार्गावर, ताशी 60 किलोमीटरपर्यंत, चालकाने नजर काढली तरी चालत असे. मात्र गाडीने हाक मारली की सूत्रे परत हातात घ्यायची. म्हणजे हाक मारल्यावर दिसणारे डोळे हवेत. मला त्याचा उपयोग शून्य.

खरी चालकविरहित म्हणावी ती चौथी पायरी, आणि ती आहे, हे मान्य केलेच पाहिजे. 2004 मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याने मोहावी वाळवंटात अशा गाड्यांची शर्यत लावली, तेव्हा सर्वांत पुढे गेलेली गाडी जेमतेम 12 किलोमीटरवर अडकली. पुढच्याच वर्षी पाच गाड्यांनी दोनशेहून अधिक किलोमीटरचा मार्ग पुरा केला. 2020 मध्ये वेमो कंपनीने फीनिक्समध्ये पुढची सीट रिकामी असलेली टॅक्सी सर्वांसाठी खुली केली. ही प्रगती थक्क करणारी आहे. मात्र ती टॅक्सी ठरावीक हद्दीत फिरते, गाडी गोंधळली तर दूर बसलेला माणूस तिला सल्ला देतो, आणि मुख्य म्हणजे तिथे तुम्ही फेरी विकत घेता, गाडी नाही.

थोडक्यात, जी खरोखर आपली आपण चालते ती दुकानात मिळत नाही आणि जी दुकानात मिळते तिला अजून आपले डोळे लागतात. पाचव्या पायरीची, कुठेही, कधीही जाणारी गाडी कोणाकडेच नाही. 2019 मध्ये टेस्लाचे प्रमुख इलॉन मस्क यांनी पुढच्या वर्षी दहा लाख रोबोटॅक्सी रस्त्यावर असतील असे सांगितले होते. 2025 च्या जूनमध्ये टेस्लाची टॅक्सीसेवा ऑस्टिनमध्ये सुरू झाली ती मोजक्या गाड्यांनिशी, आणि चालकाशेजारच्या सीटवर कंपनीचा माणूस बसवून.

आता ‘विकत कशाला’ याबद्दल. लेखकाचा हिशेब असा की गाडी दिवसभर नुसती उभी असते, मग चार घरांत एक का पुरू नये? मी माझ्या नोकरीतला हिशेब करून पाहिला. जायला 40 मिनिटे, यायला 40. दिवसाच्या 1440 मिनिटांतली 80, म्हणजे साडेपाच टक्के. उरलेला वेळ गाडी उभी. बरोबर आहे. पण ती सकाळची 40 मिनिटे माझ्या शेजाऱ्यांचीही तीच होती. लग्नसराईतल्या पुरोहितासारखे आहे हे. वर्षभर मोकळे दिसतात, मुहूर्ताला एकही सापडत नाही. सामायिक गाड्या सकाळच्या गर्दीला पुरतील इतक्या ठेवाव्या लागतील आणि दुपारी त्याच गाड्या रिकाम्या फिरतील किंवा कुठेतरी उभ्या राहतील.

आणि समजा, उद्या चौथ्या-पाचव्या पायरीची गाडी घरोघरी विकू लागले, तर? कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी 2018 मध्ये प्रसिद्ध केलेला एक छोटा प्रयोग मला फार आवडला. अशी गाडी विकत मिळत नाही म्हणून त्यांनी तेरा जणांना आठवडाभरात 60 तासांसाठी फुकट चालक दिला. तुम्ही बसा किंवा बसू नका, गाडी तुमच्या कामाला पाठवा. त्या तेरा जणांच्या गाड्यांचे एकूण अंतर 83 टक्क्यांनी वाढले. काही फेऱ्यांत तर मालक गाडीत नव्हताच. तेरा ही संख्या लहान आहे, मान्य. पण मी स्वतःला ओळखते. विसरलेली पिशवी आणायला मी पाठवली असती की गाडी! पार्किंग मिळत नाही म्हणून ‘जा, तासभर फिरून ये’ असेही म्हटले असते. रिकाम्या गाडीला रस्त्यावर जागा फुकट मिळणार की नाही, हा प्रश्न गाडी येण्याआधी सोडवायला हवा. माझे मत स्पष्ट आहे : रिकामी धावेल तितक्या किलोमीटरचे मालकाकडून पैसे घ्यावेत, माझ्याकडूनसुद्धा.

टॅक्सीवर विसंबून राहा म्हणणाऱ्यांना दुसरी बाजू दाखवते. 2023 च्या ऑक्टोबरमध्ये सॅन फ्रान्सिस्कोत दुसऱ्याच एका गाडीने उडवलेली बाई क्रूझ कंपनीच्या चालकविरहित टॅक्सीसमोर पडली. टॅक्सी थांबली, मग ‘कडेला घ्यावे’ असे ठरवून पुन्हा सरकली आणि गाडीखाली अडकलेल्या त्या बाईला सुमारे सहा मीटर फरफटत घेऊन गेली. परवाना रोखला गेला, कंपनीने चालकविरहित सेवा सगळीकडे बंद केली आणि 2024 च्या डिसेंबरमध्ये क्रूझची मालक असलेल्या जनरल मोटर्सने या टॅक्सी-उद्योगातून अंगच काढून घेतले. सेवा थांबवली ते योग्यच झाले. पण तिच्या भरवशावर कोणी आपली गाडी विकून टाकली असेल तर?

माझी थोरली बहीण चाकाच्या खुर्चीत असते. तिला महिन्यातून दोनदा तपासणीला न्यायचे असते, तेव्हा मी माझ्या गाडीसाठी तासावर एक चालक बोलावते. त्याच्या कामातले गाडी चालवणे हे सर्वांत सोपे. तो आधी खुर्चीचे ब्रेक लावतो, पायठेवणी काढून मागच्या सीटवर टाकतो, ताईच्या काखेत हात घालून तिला अर्धवट वळवून बसवतो. डोके दाराच्या चौकटीला लागू नये म्हणून तिथे दुसरा हात धरतो. हे त्याला कोणी शिकवलेले नाही. मग खुर्चीची बैठक मधोमध धरून वर उचलतो, ती मिटते, आणि डिकीत आडवी ठेवतो. उभी ठेवली तर दार लागत नाही. तपासणी लांबली तर खाली थांबतो. चालक वजा केला की हे सगळे कोण करणार, ते आपल्या लेखात नव्हते. दारापासून गाडीपर्यंतच्या दहा पावलांना कुठलाच कॅमेरा पुरत नाही.

ताई मात्र म्हणते, ‘चालक नको, गाडी नको, मला लिफ्ट दुरुस्त करून द्या.’ तो विषय वेगळा.

म्हणून विनंती एवढीच. पुढच्या वेळी अशी बातमी छापताना गाडी कितव्या पायरीची आहे ते पहिल्या परिच्छेदात लिहावे, आणि ती विकत मिळते की फक्त भाड्याने, तेही. मथळ्यात ‘चालकविरहित’च्या आधी काकपद (सुटलेला शब्द घालण्याची खूण) टाकून ‘ठरावीक हद्दीत’ हे दोन शब्द घालावेत. मथळा लांबेल याची कल्पना आहे. ‘आता गाडी विकत कशाला?’ हे चार शब्द काढले तर जागा होते. मी मोजून पाहिली आहे.

आपली,
एक निवृत्त मुद्रितशोधक