नकाशात साडेतीन हजार किमी, खरं अंतर साडेनऊशे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या मुलांच्या पुरवणीत जगाचा नकाशा येतो, त्याखाली सगळ्या जगाला मिळून एकच स्केल छापू नका एवढीच विनंती आहे, आणि का ते सांगते.

माझ्या मुलीला आठवीच्या प्रोजेक्टसाठी पार उत्तरेकडचे दोन एअरपोर्ट घेऊन अंतर आणि विमानाला लागणारा वेळ काढायचा होता. तिने नॉर्वेचं ट्रोम्सो आणि स्वालबार्ड बेटांवरचं लाँगइयरब्येन घेतलं, कारण आपलं हिमाद्री संशोधन केंद्र त्याच बेटांवर आहे, 2008 पासून. हॉलमधल्या नकाशावर पट्टी ठेवली, अंतर जवळपास 9 सेंमी भरलं, खालच्या स्केलप्रमाणे 1 सेंमी म्हणजे 400 किमी, म्हणजे साडेतीन हजार किमी आणि साडेचार तास. तेच लिहून दिलं आणि शाळेत ते बरोबर म्हणून टिक पण झालं!

मला ते पटेना. त्याच नकाशावर कन्याकुमारी ते लेह मोजलं तर 8 सेंमी पण होत नव्हतं. म्हणजे आख्ख्या भारताच्या उभ्या लांबीपेक्षा हे जास्त? मग फूटभर व्यासाचा ग्लोब काढला आणि दोरा लावला, कन्याकुमारी-लेह पावणेसात सेंमी आणि ट्रोम्सो-लाँगइयरब्येन फक्त सव्वादोन. पोरगी बघतच राहिली.

नकाशा मर्केटर पद्धतीचा, गोल पृथ्वी सपाट करताना उत्तरेकडचं सगळं ताणलं जातं, आपल्याकडे 19 अंशावर जेमतेम 6 टक्के पण लाँगइयरब्येनच्या 78 अंशावर जवळजवळ पाचपट. खरं तर दोन्ही गावं साधारण एकाखाली एक आहेत त्यामुळे नकाशा लागतच नाही, अक्षांशात साडेआठ अंशांचा फरक, एका अंशाला 111 किमी, झाले साडेनऊशे. मुंबई-दिल्लीपेक्षाही कमी. विमान ताशी 800 ने धरलं आणि चढायला-उतरायला अर्धा तास दिला की पावणेदोन तासांच्या आत पोचतं.

वेळेचं मात्र नुसत्या अंतरावर भागत नाही. स्वालबार्ड शेंगेनच्या, म्हणजे आपापसात पासपोर्ट न तपासणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाच्या, बाहेर आहे म्हणून नॉर्वेतल्या नॉर्वेत जाताना सुद्धा पासपोर्ट दाखवावा लागतो, आणि हिमाद्रीला जायचं तर लाँगइयरब्येनला उतरून छोट्या विमानाने पुढे नी-ओलेसुंडला, ते सव्वाशे किमी पण नाही, ठाण्याहून नाशिक सुद्धा त्याच्यापेक्षा लांब आहे, पण मध्ये रस्ताच नाही.

तेव्हा पुढच्या वेळी नकाशाखाली "हे स्केल विषुववृत्ताजवळच वापरा" एवढी एक ओळ तरी टाका. शाळेला मी वेगळी चिठ्ठी दिली आहे.

आपली वाचक,
नौपाडा, ठाणे