पक्षी सगळ्यात शेवटी आणा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत परसात पक्ष्यांसाठी एव्हियरी, म्हणजे आत उडता येईल एवढं मोठं जाळीचं घर, कशी बांधायची यावर लेख आला होता तो दोनदा वाचला. छोट्या पिंजऱ्यात दोन दांड्यांवर आयुष्य काढणाऱ्या पक्ष्यांना पंख मोकळे करायला जागा द्या असं कुणीतरी पेपरात लिहितंय, याचंच मला खूप बरं वाटलं. पण लेखात शनिवारी काम सुरू करून रविवारी संध्याकाळी पक्षी आत सोडायचे असं होतं आणि सोबतच्या फोटोत नवीकोरी चकचकीत जाळी, एकच दार आणि खाली साधी माती दिसत होती. ते बघून राहवलं नाही म्हणून लिहितेय, कारण चौदा वर्षांपूर्वी मी अगदी अशीच एव्हियरी बांधली होती आणि त्याची किंमत पक्ष्यांनी मोजली.

आधी जाळीचं सांगते. आपण जी जाळी आणतो तिच्यावर गंज धरू नये म्हणून जस्ताचा थर असतो आणि नवीन जाळीला जोडाजोडावर जस्ताचे बारीक थेंब, टोकं चिकटलेली असतात, काही दिवसांनी वर पांढरी पावडर पण धरते. आता बजी काय किंवा कॉकाटील काय, हे छोटे पोपट चालतात जितके पायाने तितकेच चोचीने, जाळीवर चढताना प्रत्येक पावलाला चोच लावतात आणि रिकामा वेळ मिळाला की कुरतडत बसतात. बजीचं वजन असतं जेमतेम ३० ते ४० ग्रॅम, त्यामुळे पोटात गेलेला जस्ताचा एवढासा कण पण त्याला पुरेसा होतो. माझे सहा बजी होते. तिसऱ्या आठवड्यात एक जण फुगून कोपऱ्यात बसायला लागला, पाणी सारखं पीत होता, शिट पातळ, आणि दांडीवर पाय ठरेनात. मला वाटलं गारठला असेल म्हणून उब दिली आणि त्यात दोन दिवस गेले. दुसरा पडला तेव्हा डॉक्टरांकडे धावले, एक्सरेमध्ये पोटात धातूचे ठिपके दिसले. दोघं गेले, बाकीचे चार औषधांवर वाचले. ज्या घरात मी त्यांना मोकळं उडता यावं म्हणून सोडलं होतं तेच त्यांना भोवलं, हे अजून मनातून जात नाही.

तेव्हापासून माझा नियम असा की शक्य असेल तर स्टेनलेस स्टीलची जाळी, नाहीतर वेल्डिंग झाल्यावर जस्त चढवलेली चांगली जाळी घ्यायची, ती व्हिनेगर आणि ताठ ब्रशने घासून धुवायची, सुटी टोकं कानशीने काढायची आणि उभी केल्यावर निदान महिनाभर ऊन-पाऊस खाऊ द्यायची, मग परत एकदा घासून धुवायची. जाळीची चमक गेली पाहिजे, ती मळकट राखाडी दिसायला लागली की मग पक्ष्यांचा विचार करायचा. शिसं तर याहून वाईट, त्यामुळे जुन्या रंगाची दारं-खिडक्यांची लाकडं चौकटीला वापरू नका, जुन्या रंगात शिसं असू शकतं आणि पक्षी आधी रंगच सोलतात. हा जो महिना जातो ना, तो लेखात यायला हवा होता, कारण लोकांचा धीर नेमका इथेच सुटतो, चौकट उभी राहिली की लगेच पक्षी हवे असतात.

आणि त्या महिन्यात करायला काम भरपूर असतं. मी रोज संध्याकाळी रिकाम्या एव्हियरीत जाऊन बसायचे. ऊन कुठून येतं, पावसाचं पाणी कुठे साचतं, वारा कुठल्या बाजूने झोडपतो, रात्री टॉर्च लावून बघितलं की कोण कोण फेऱ्या मारतंय ते पण कळतं. पहिल्याच आठवड्यात एका कोपऱ्यात बाहेरून माती उकरलेली दिसली. पक्षी आत असते तर मला ते सकाळी पिसं बघून कळलं असतं.

म्हणून मातीची जमीन नकोच. उंदीर आणि घूस खालून बीळ काढून येतात, शिवाय मातीत शिट मिसळत राहते आणि जंतांची अंडी तिथे महिनोनमहिने टिकतात, कितीही झाडा. उतार दिलेला सिमेंटचा कोबा सगळ्यात चांगला, पाईप लावून धुता येतो. कोबा जमत नसेल तर चारी बाजूंनी जाळी जमिनीत फूट-दीड फूट गाडायची आणि खाली बाहेरच्या दिशेने वळवायची, उकरणारं जनावर भिंतीला लागूनच उकरतं आणि त्या वळवलेल्या जाळीवर अडतं. बजी आणि फिंच (चिमणीसारखे छोटे पक्षी) यांच्यासाठी जाळीचं भोक १२ मिमीपेक्षा मोठं नको, पण लहान उंदीर त्यातूनही आत शिरतो म्हणून खालच्या दोन फुटांना मी ६ मिमीची दुसरी जाळी लावलीये. मांजरांसाठी वरपर्यंत दुहेरी जाळी लागते, मध्ये दोन इंच मोकळी जागा सोडून, कारण काही पक्षी रात्री जाळीला लटकून झोपतात आणि बाहेरून मांजराने पंजा मारला की पाय जातो, मांजराला आत यायची गरजच पडत नाही.

आता दार. फोटोतलं ते एकच दार बघून माझ्या पोटात गोळा आला होता. पक्ष्याला तुमचा कितीही लळा असू दे, दार उघडलं की उजेडाकडे उडणं हा त्याचा स्वभाव आहे, यात बेइमानी वगैरे काही नाही. माझी एक कॉकाटील अशीच खांद्यावरून गेली, मी पाण्याचं भांडं घेऊन आत शिरत होते, दोन्ही हात अडकलेले, एक सेकंद दार उघडं राहिलं. समोरच्या झाडावर बसली, हाक मारली की उत्तर देत होती पण खाली कसं यायचं हे तिला कळतच नव्हतं, कारण उंचावरून खाली उतरायची तिला सवयच नव्हती. अंधार पडेपर्यंत तिचा आवाज येत होता. सकाळी नव्हती. त्यानंतर मी दाराबाहेर एक छोटी खोलीच केली, एक माणूस उभा राहील एवढी, चारी बाजूंनी आणि वरून जाळी. बाहेरचं दार लावून कडी घातल्याशिवाय आतलं उघडायचं नाही, घरातल्या लहानांपासून मोठ्यांपर्यंत सगळ्यांना हे पाठ. दोन्ही दारं आपोआप मिटणाऱ्या स्प्रिंगची आहेत आणि आतलं दार पक्ष्यांच्या बाजूला उघडतं, म्हणजे उघडताना पक्षी मागे सरकतात. आणि खाण्यापिण्याची भांडी बाहेरून ठेवता येतील अशी छोटी झडप केली तर आत जायची वेळच निम्म्याने कमी होते.

आकाराबद्दल लेखात उंच एव्हियरीचं कौतुक होतं, माझं मत वेगळं आहे. हे पक्षी सरळ उडतात, आडवे, त्यांना लांबी लागते. १० फूट लांब, ४ फूट रुंद आणि आपण ताठ उभं राहू शकू एवढी उंच, ही मला छोट्या पक्ष्यांसाठी चांगली वाटते, गोल मनोऱ्यासारखी उंच एव्हियरी दिसायला छान असते पण उडायला तिथे जागाच नसते. ज्या बजीला आपण टेबलावरचा पक्षी समजतो त्याचे रानातले भाऊबंद ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या माळरानात पाणी आणि गवताचं बी शोधत थव्याने कुठल्या कुठे उडत जातात. इंग्रज पक्षीतज्ज्ञ जॉन गूल्ड यांनी जिवंत बजी इंग्लंडला आणले ते १८४० मध्ये, म्हणजे पिंजऱ्याशी या पक्ष्याची ओळख जेमतेम दोनशे वर्षांचीही नाही. पंख तेच आहेत. म्हणून दांड्या दोन्ही टोकांना लावा, मधला भाग मोकळा ठेवा, आणि दांड्या म्हणजे एकसारखे गुळगुळीत रूळ नकोत, पेरूसारख्या झाडाच्या न फवारलेल्या, जाड-बारीक फांद्या हव्यात म्हणजे तळव्याला दर वेळी वेगळी पकड मिळते, नाहीतर पायाला फोड येतात. खाण्याच्या भांड्यावर दांडी लावू नका, सगळी शिट त्यात पडते. कण्हेर जवळपास पण नको, आणि अवोकाडो तर चुकून पण नको, दोन्ही पक्ष्यांना विषारी.

छताबद्दल मी बरीच वर्षं गोंधळात होते. ऊन हवं असतं कारण त्यातल्या अतिनील किरणांनी पक्ष्यांच्या अंगात ड जीवनसत्त्व तयार होतं आणि काचेतून ते किरण येत नाहीत, त्यामुळे खिडकीतल्या उन्हाचा तो उपयोग होत नाही. पण वरून उघडी जाळी ठेवली तर बाहेरचे पक्षी वर बसतात, त्यांची शिट आत पडते आणि रोग येतात, शिवाय ससाणा डोक्यावर घिरट्या घालतो तेव्हा पक्षी घाबरून जाळीवर आपटतात. शेवटी छत पूर्ण झाकलं आणि सकाळचं ऊन येतं ती लांब बाजू उघडी ठेवली, उलट बाजू आणि एक टोक भिंतीसारखं बंद. दुपारी पक्षी आपणच बंद बाजूला जाऊन बसतात. ज्या दिवशी ते चोच उघडी टाकून पंख अंगापासून लांब धरून बसलेले दिसतील त्या दिवशी सावली आणि पाणी कमी पडतंय असं समजा. रात्री अगदी मंद दिवा असू द्या, कॉकाटील अंधारात एकदम दचकतात आणि सगळ्या मिळून धडपडतात.

पक्षी आणायची वेळ येईल तेव्हा रानातून पकडलेला पक्षी घेऊ नका, कुणी कितीही स्वस्तात देवो. नवीन आलेल्याला लगेच आत सोडू नका, ३० ते ४५ दिवस वेगळ्या पिंजऱ्यात, वेगळ्या भांड्यांनी ठेवा. लव्हबर्डना (बजीलाही काही जण असं म्हणतात ते नव्हे, आखूड शेपटीचे आफ्रिकन पोपट) दुसऱ्या कुणाबरोबर ठेवू नका, फिंचचे पाय ते तोडून टाकतात, हे मी दुसऱ्याच्या घरी डोळ्यांनी बघितलंय.

साफ करताना सुकी शिट झाडू नका, आधी पाणी मारून ओली करा आणि तोंडाला मास्क लावा. पोपटांकडून माणसाला होणाऱ्या सिटॅकोसिस या तापाची साथ १९२९-३० मध्ये बऱ्याच देशांत पसरली होती, त्याचे जंतू सुकलेल्या शिटेच्या धुळीतून श्वासात जातात. घाबरवायला नाही सांगत, चौदा वर्षांत मला काही झालं नाही, पण घरात म्हातारी माणसं असतील तर हे माहीत असायलाच हवं.

संपादकसाहेब, तुमचा लेख वाचून कितीतरी जण या सुट्टीत जाळी आणायला बाहेर पडतील आणि ते पडावेतच. फक्त पुढच्या रविवारी त्याच पानावर दोन गोष्टी छापा एवढी विनंती, जाळी घासून महिनाभर तशीच ठेवायची आणि दाराला दार करायचं. दुहेरी दाराची आकृती मी हाताने काढून सोबत जोडली आहे, मापं फुटांत आहेत, बिजागऱ्या कुठल्या बाजूला हे लाल शाईने दाखवलंय.

आपली,
एक वाचक