पॉइंट काढण्याआधी डिस्ट्रिब्युटर उघडून पाहा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

जुन्या बुलेटने जरा कुरकुर केली की ‘पॉइंट (उघडताना प्लगला ठिणगी पाडणारे इग्निशनचे संपर्क) काढून टाका, इलेक्ट्रॉनिक किट बसवा’ असा सल्ला हल्ली सरसकट मिळतो. चांगले किट जरूर उपयोगी पडते, पण मूळ बिघाड न शोधता ते बसवले तर पैसे जातात आणि इंजिन मात्र तापतच राहते. हे मी स्वतः अनुभवले असल्याने आपल्या पत्राद्वारे इतर बुलेटधारकांपर्यंत पोहोचवू इच्छितो.

माझ्याकडे बिडाच्या इंजिनाची, ३४६ सीसीची जुनी बुलेट आहे. गेल्या पावसाळ्यानंतर साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढताना ती दम टाकू लागली, सायलेन्सरमधून फटफट आवाज येऊ लागला आणि इंजिनालगतचा, धूर बाहेर नेणारा बेंडपाइप निळा पडला. ही सगळी टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, मागे पडल्याची लक्षणे आहेत. ठिणगी उशिरा पडली की पिस्टनला मिळायचा जोर वाया जातो आणि ती उष्णता एक्झॉस्ट वाल्व्हवाटे पाइपात उतरते. (याउलट टायमिंग फार पुढे गेले तर किक उलटी बसते आणि चढावर इंजिनातून खडखड ऐकू येते.) मेकॅनिकने आधी पॉइंट बदलले, मग पॉइंटवरची ठिणगी शोषणारा कंडेन्सर बदलला आणि शेवटी किट बसवले, तरीही घाटात गाडी होती तशीच राहिली.

अखेर एका रविवारी मी स्वतः डिस्ट्रिब्युटर, म्हणजे पॉइंट ज्यात बसवलेले असतात तो भाग, उघडला. मधला कॅम (पॉइंट उघडणारा फिरता उंचवटा) बोटांनी थोडा फिरवून सोडला की तो स्प्रिंगने चटकन जागेवर यायला हवा. माझा कॅम जागचा हललाच नाही, कारण खालची दोन्ही वेट (छोटी वजने) वाळून चिकट झालेल्या ग्रीसमध्ये रुतून बसली होती. वेग वाढला की ही वेट बाहेर फेकली जातात आणि ठिणगी लवकर पाडतात. ती अडकली की चालू गाडीचे टायमिंग कायम मागेच राहते. बसवलेल्या किटने पॉइंटच्या जागी फक्त सेन्सर आणला होता, वेट जुनीच होती, त्यामुळे दोषही जुनाच राहिला. रॉकेलने वेट धुऊन, पिनांवर तेलाचा एकेक थेंब सोडल्यावर गाडी पूर्वीसारखी घाट चढू लागली.

तपासणीचा क्रमही महत्त्वाचा आहे. वेट आणि स्प्रिंग पाहून झाल्यावर डिस्ट्रिब्युटरचा शाफ्ट आडवा हलवून पाहावा. बुश (शाफ्टला आधार देणारी नळी) झिजून तो डुलत असेल तर पॉइंटचा गॅप प्रत्येक फेरीला बदलतो आणि टायमिंग कधीच स्थिर राहत नाही. त्यानंतर फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) गॅप ०.३५ ते ०.४० मिलिमीटर ठेवावा आणि मगच टायमिंगला हात लावावा, कारण गॅप वाढला की टायमिंग पुढे जाते आणि कमी झाला की मागे येते. पॉइंटची फायबरची टाच झिजत जाते, म्हणून हात न लावताही टायमिंग हळूहळू मागे सरकते.

साडेतीनशेच्या जुन्या बुलेटला, वेट मिटलेली असताना, कॉम्प्रेशन स्ट्रोकवर पिस्टन वरच्या टोकापासून ०.८ मिलिमीटर अलीकडे असतानाच पॉइंट उघडायला हवेत. आपल्या मॉडेलचा आकडा मात्र त्याच्या पुस्तिकेतून पडताळून घ्यावा. प्लगचे भोक तिरपे असल्याने त्यातून सरळ काडी घालून घेतलेले माप फसवे ठरते. पॉइंट उघडण्याचा क्षण हेडलाइटजवळचा अॅमीटरच (विजेचा प्रवाह दाखवणारा काटाच) दाखवतो: इग्निशन चालू ठेवून इंजिन अगदी सावकाश फिरवले तर पॉइंट मिटलेले असेपर्यंत काटा वजा बाजूला झुकलेला असतो आणि उघडताच मध्यावर येतो. एवढे अचूक साधन गाडीतच असताना निव्वळ कानावर भरवसा ठेवून टायमिंग लावणे मला पटत नाही. काम झाल्यावर इग्निशन बंद करायला मात्र विसरू नये. पॉइंट मिटलेले राहिले तर कॉइल तापून निकामी होते.

एवढे करूनही किट घ्यायचेच असेल, तर ते वेट तसेच ठेवते की टायमिंग पुढे नेण्याचे काम स्वतः करते, हे प्रथम विचारावे. वेट आणि शाफ्ट झिजलेले असतील तर दुसऱ्या प्रकाराचेच किट घ्यावे. गाडीची वायरिंग ६ व्होल्टची की १२ व्होल्टची आणि बॅटरीची कोणती बाजू अर्थ केलेली (गाडीच्या सांगाड्याला जोडलेली) आहे, हेही पाहावे. जुन्या अनेक ब्रिटिश गाड्यांत धन बाजू अर्थ असते आणि उलट जोडणीने किटचे मॉड्यूल क्षणात जळू शकते. सीडीआय (साठवलेला विद्युतभार एकदम सोडून ठिणगी पाडणाऱ्या) किटला वेगळी कॉइल लागते, पॉइंटची जुनी कॉइल तेथे चालेलच असे नाही. बॅटरी मरतुकडी असेल तर काही किट किक मारताना भलत्या वेळी ठिणगी टाकतात आणि उलट्या किकेने पाय दुखावतो, म्हणून आधी बॅटरी आणि चार्जिंग नीट करून घ्यावे. काढलेली पॉइंट प्लेट आणि कंडेन्सर टूलबॉक्समध्ये जपून ठेवावा. किट वाटेत बंद पडले तर त्यांच्याच जोरावर घरी परतता येते.

किट विक्रेत्यांना माझी विनंती आहे की खोक्यावर व्होल्टेज, अर्थची बाजू, कॉइलचा ओहममधील रोध आणि वेट ठेवायची की काढायची, या चार गोष्टी मराठीत छापाव्यात. आपणही वाहनविषयक पानावर जुन्या गाड्यांच्या इग्निशनसाठी अधूनमधून जागा दिलीत, तर गावोगावच्या तरुण मेकॅनिकांना त्याचा उपयोग होईल.

आपला,
एक बुलेटधारक वाचक, सातारा