पंपिंग ६० टक्के, तरी दम का लागतो?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मधुमेह आणि हृदय हा विषय निघाला की लेख, १४ नोव्हेंबरच्या (जागतिक मधुमेह दिनाच्या) पुरवण्या आणि शिबिरांतली भाषणे बहुधा ब्लॉकेजपाशी सुरू होतात आणि अँजिओप्लास्टीपाशी संपतात. नळ्या मोकळ्या असल्या की हृदयाची काळजी मिटली, ही समजूत त्यातूनच घट्ट झाली आहे. तिला दुजोरा मिळतो टू-डी इकोच्या, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या, रिपोर्टातल्या एका ओळीने: ‘ईएफ ६० टक्के’ (ईएफ म्हणजे कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी दर ठोक्याला बाहेर पडणारा हिस्सा). ‘पंपिंग नॉर्मल आहे’ म्हणून फाइल कपाटात जाते. दुसरा जिना चढताना लागणारा दम मग वयाच्या किंवा वजनाच्या खात्यावर मांडला जातो.

मधुमेह रक्तवाहिन्यांखेरीज थेट हृदयाच्या स्नायूवरही काम करतो. ही गोष्ट नवी नाही. १९७२ मध्ये अमेरिकेत रुब्लर आणि सहकाऱ्यांनी चार मधुमेही रुग्णांच्या शवविच्छेदनावरून हे मांडले. हृदय निकामी झालेले होते, पण त्याचा दोष रक्तवाहिन्यांतल्या अडथळ्यावर, रक्तदाबावर किंवा झडपांवर टाकता येत नव्हता. १९७४ मध्ये अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावात वर्षानुवर्षे चाललेल्या पाहणीत दिसले की मधुमेही पुरुषांत हृदय निकामी होण्याचे प्रमाण इतरांच्या सुमारे दुप्पट, तर मधुमेही स्त्रियांत सुमारे पाचपट आहे. आपल्याकडे मात्र आईच्या दमाकडे घरात सर्वांत शेवटी लक्ष जाते.

हृदयाच्या स्नायूत नेमके होते काय? तव्यावरच्या भाकरीला जो तपकिरी रंग चढतो, तो पिठातली साखर आणि प्रथिने यांच्यातल्या प्रक्रियेमुळे. शरीरात हीच प्रक्रिया ३७ अंशांवर, संथपणे चालू असते. एचबीए१सी, म्हणजे ‘तीन महिन्यांची साखर’, ही तिचीच मोजणी: रक्तातल्या हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली याची. पण हिमोग्लोबिन ज्या तांबड्या पेशीत असते ती सुमारे १२० दिवसांत संपते आणि नवी येते. हृदयाच्या स्नायूतंतूंमधले कोलॅजन वर्षानुवर्षे टिकते. त्याला साखरेचे टाके पडले की ते तिथेच राहतात, आणि शेजारी नवे कोलॅजनही साचत जाते. भिंत ताठर होते. सूक्ष्म रक्तवाहिन्यांची अस्तरे जाड होतात, पेशींमध्ये चरबीचे थेंब साठतात. निरोगी हृदय चरबी आणि ग्लुकोज ही दोन्ही इंधने गरजेप्रमाणे आलटून पालटून वापरते. इन्सुलिनचा प्रभाव पडेनासा झाला की ते चरबीवरच जास्त विसंबते, आणि तेवढ्याच ऊर्जेसाठी त्याला जास्त ऑक्सिजन लागतो. एचबीए१सी ९ वरून ७ वर तीन-चार महिन्यांत येऊ शकते, पण हृदयाची भिंत त्या वेगाने मऊ होत नाही, ती यामुळे.

आता ईएफचे गणित. धडधाकट डाव्या जवनिकेत, म्हणजे मुख्य कप्प्यात, १२० मिली रक्त भरले आणि ७२ मिली बाहेर पडले, तर ईएफ ६० टक्के. भिंती जाड आणि ताठर होऊन आतली जागा आक्रसली, त्यात ८० मिलीच भरले आणि ४८ मिली बाहेर पडले, तरी ईएफ ६० टक्केच! मिनिटाला ७५ ठोके धरले तर पहिले हृदय ५.४ लिटर रक्त पुढे पाठवते, दुसरे ३.६ लिटर. रिपोर्टावर दोघांचा आकडा एकच. बिघाड भरण्यात आहे आणि आपण मोजतो रिकामे होण्याचे प्रमाण. एवढेसे रक्त भरायलाही दाब वाढवावा लागतो. तो दाब मागे डाव्या कर्णिकेवर, म्हणजे वरच्या कप्प्यावर, आणि तिथून फुप्फुसांवर जातो, म्हणून दम. काही रुग्णांत पुढे कप्पा पसरतो आणि ईएफही घसरते, पण त्याची वाट पाहत बसण्यात शहाणपण नाही.

म्हणून मधुमेही माणसाने, आणि खरे तर त्याच्या फॅमिली डॉक्टरांनीही, रिपोर्टातल्या आणखी तीन-चार ओळी वाचाव्यात. ‘आयव्हीएस’ आणि ‘पीडब्ल्यू’ म्हणजे मधल्या पडद्याची आणि मागच्या भिंतीची जाडी. स्त्रियांत ६ ते ९ आणि पुरुषांत ६ ते १० मिमी ही साधारण मर्यादा. मागच्या भिंतीची दुप्पट भागिले कप्प्याचा आतला व्यास हा हिशेब घरी करता येतो. भिंत १२ मिमी आणि व्यास ४२ मिमी असेल तर २४ भागिले ४२, म्हणजे ०.५७. हा आकडा ०.४२ च्या वर गेला की कप्पा आतून आक्रसतो आहे असे समजायचे. डाव्या कर्णिकेचे आकारमान शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला ३४ मिलीपेक्षा जास्त असेल तर भरण्याचा दाब बराच काळ चढा असावा. ती फुगली की ठोके अनियमित होण्याची आणि त्यातून गुठळी होऊन पक्षाघाताची भीती वाढते. चौथी ओळ ‘ई भागिले ई प्राइम’, म्हणजे कप्प्यात शिरणाऱ्या रक्ताचा वेग भागिले भरताना भिंत सैलावण्याचा वेग. तिची सरासरी १४ च्या वर असेल तर दाब आजही वाढलेला असण्याची शक्यता मोठी.

‘ग्रेड १ डायस्टोलिक डिसफंक्शन’ (भरण्यातला सौम्य बिघाड) या शब्दांनी मात्र घाबरून जाऊ नये. साठीनंतर ते फार जणांच्या रिपोर्टात असते, आणि कर्णिका व दाब ठीक असतील तर तो बऱ्याचदा वयाचाच भाग असतो. ग्रेड २ आणि ३ ची गोष्ट वेगळी.

इथे एक तक्रार करायला हवी, आणि ती आम्हा इको करणाऱ्यांबद्दलच आहे. डाव्या जवनिकेचे वजन काढायच्या सूत्रात मापांचा घन होतो. दोन्ही भिंती १२ मिमी आणि व्यास ४२ मिमी धरला तर वजन येते १७८ ग्रॅम. दोन्ही भिंती एकेक मिलिमीटर कमी मोजल्या की तेच हृदय १५७ ग्रॅमचे होते. घाईत ठेवलेल्या कर्सरने २१ ग्रॅम गायब! हे वजन शरीराच्या पृष्ठभागाने भागायचे असते. १.६ चौरस मीटरला १७८ ग्रॅम म्हणजे १११. स्त्रियांसाठी ९५ ही मर्यादा असल्याने हे हृदय जाड ठरते, तर पुरुषांसाठी ती ११५ असल्याने वजन मर्यादेत बसते. उंची आणि वजन न लिहिता छापलेल्या रिपोर्टातून हा निष्कर्ष काढायचा कसा? तपासणीच्या वेळचा रक्तदाबही रिपोर्टावर हवा. १७०/१०० असताना घेतलेली भरण्याची मापे आणि १३०/८० असतानाची मापे यांची तुलनाच होत नाही. शिवाय भिंतीच्या जाडीत मधुमेहाचा वाटा किती आणि रक्तदाबाचा किती, हे एकाच रुग्णात वेगळे काढणे अवघड असते. दोन्ही आटोक्यात ठेवणे एवढेच हाती उरते.

प्रत्येक मधुमेह्याचा दरवर्षी इको करा, असे मुळीच म्हणणे नाही. अमेरिकन डायबेटिस असोसिएशनच्या २०२२ च्या सहमती अहवालात वर्षातून एकदा रक्तातील एनटी-प्रोबीएनपी (किंवा बीएनपी), म्हणजे हृदयावर ताण आला की त्यातून रक्तात येणारा घटक, तपासावे, असे सुचवले आहे. एनटी-प्रोबीएनपी १२५ किंवा अधिक आले तर पुढे इको. स्थूल व्यक्तींत हा आकडा फसवा कमी येतो, मूत्रपिंडाच्या विकारात आणि उतारवयात वाढतो, एवढे ध्यानात ठेवावे.

औषधांबद्दल दोन गोष्टी. एम्पाग्लिफ्लोझिन आणि डापाग्लिफ्लोझिन या गोळ्या (दोन्हींची मात्रा बहुधा रोज १० मिग्रॅ) साखर लघवीवाटे बाहेर टाकतात. पण त्यांचा मोठा उपयोग हृदयाला होतो. एम्पाग्लिफ्लोझिनच्या २०१५ च्या एम्पा-रेग चाचणीत हृदय निकामी होऊन रुग्णालयात दाखल व्हावे लागण्याचे प्रमाण ३५ टक्क्यांनी कमी झाले. ईएफ चांगली असूनही हृदय निकामी झालेल्या रुग्णांतही पुढे २०२१ आणि २०२२ च्या चाचण्यांत फायदा दिसला. मार्च २०२५ मध्ये एम्पाग्लिफ्लोझिनचे पेटंट संपल्यापासून ती भारतात बरीच स्वस्त झाली आहे, तेव्हा ‘परवडत नाही’ हे कारण आता पूर्वीइतके खरे नाही. उलट पायोग्लिटाझोन ही मधुमेहाचीच गोळी शरीरात पाणी धरून ठेवते. २०१३ मध्ये आपल्याकडे तिच्यावर बंदी आली आणि काही आठवड्यांत इशाऱ्यासह उठली. ती अनेक ‘तीन औषधे एका गोळीत’ प्रकारच्या पट्ट्यांत असते. पाय सुजत असतील किंवा दम लागत असेल तर पट्टीची मागची बाजू वाचावी आणि डॉक्टरांना दाखवावी.

आणि उपवास! एम्पाग्लिफ्लोझिन किंवा डापाग्लिफ्लोझिन चालू असताना नवरात्रात नऊ दिवस नुसत्या पाण्यावर राहिले, किंवा निर्जळी एकादशी केली, तर रक्तात किटोन (चरबी जळताना तयार होणारी आम्ले) साचून जिवावर बेतू शकते. घात असा की तेव्हा शुगर दीडशे-दोनशेच दिसू शकते, म्हणून संशय येत नाही. मळमळ, उलट्या, पोटदुखी, जोरजोरात श्वास अशी लक्षणे असतील तर दवाखान्यात पहिल्याच वाक्यात गोळीचे नाव सांगावे. असा उपवास करायचाच असेल, तर गोळी कधी थांबवायची हे आधी विचारून घ्यावे. ठरलेल्या शस्त्रक्रियेपूर्वी ती किमान तीन दिवस बंद करतात. दातांच्या साध्या कामासाठी मनानेच थांबवू नये. जांघेत खाज किंवा बुरशी हा तिचा नेहमीचा त्रास. लाजेने न सांगता गोळी सोडून देणारे पुष्कळ, विशेषतः स्त्रिया.

आयसीएमआर-इंडियाबच्या २०२३ च्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत, आणि सर्वाधिक प्रमाण, २६.४ टक्के, आपल्या शेजारच्या गोव्यात आहे. एवढ्यांसाठी नवी यंत्रे लागणार नाहीत. इकोच्या छापील नमुन्यात उंची, वजन, तपासणीच्या वेळचा रक्तदाब, डाव्या कर्णिकेचे आकारमान आणि ई प्राइम हे पाच रकाने बहुतेक मशीनच्या सॉफ्टवेअरमध्ये आधीपासून असतात. ते रिकामे सोडले जातात, इतकेच. रिपोर्ट हातात पडल्यावर काउंटरवरून हलण्याआधी ते भरलेले आहेत का, हे वाचकांनी बघावे आणि नसतील तर तिथल्या तिथे भरून मागावेत.

– एक हृदयविकारतज्ज्ञ, नाशिक
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)