हिरवं दिसलं म्हणजे चांगलं गवत नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

घोड्यांच्या खुराकावरचा लेख वाचला. दाणा, मिनरल मिक्श्चर, सप्लिमेंट सगळं आलंय पण वाळलेल्या गवताबद्दल एवढंच की "हिरवं बघून घ्यावं आणि धूळ असेल तर झटकून द्यावं". अहो घोड्याच्या पोटात दिवसभरात सगळ्यात जास्त जातं ते गवतच, ४५० किलोच्या घोड्याला रोज ८-९ किलो तरी लागतं, आणि तेच कसं ओळखायचं ते दोन वाक्यात उरकलं हे मला अजिबात पटलं नाही.

रंगावर जाऊ नका, प्लीज. गठ्ठा बाहेरून उन्हाने पिवळा पडलेला असतो पण कापला की आत मस्त हिरवा निघतो, आणि हिरवागार दिसणारा गठ्ठा आतून खराब निघतो हेही तितकंच खरं. म्हणून गठ्ठा कापल्याशिवाय घ्यायचाच नाही. आधी मधे हात घालून बघा, नवीन बांधलेला गठ्ठा आतून गरम लागला तर तो ओला असतानाच बांधलाय. ओलावा १८-२० टक्क्यांच्या वर असेल तर आत बुरशी धरते, गवत तापतं, आणि अशी रचलेली गंजी आपोआप पेट घेते हे ऐकून लोकांना खोटं वाटतं पण खरंच होतं तसं.

मग थर सोडवा. चांगल्या गवताचे थर सहज सुटतात. बुरशी असेल तर ते एकमेकांना चिकटून पापुद्र्यासारखे निघतात आणि ओढले की पांढरट धुरळा उडतो, कुबट वास येतो. तो धुरळा म्हणजे बुरशीचे बीजाणू, त्याने घोड्याला खोकला लागतो, दम्यासारखा आजार जडतो आणि एकदा जडला की तो घोडा कायमचा धुळीला नाजूक होतो. झटकल्याने काय होणार, सगळे बीजाणू थोडेच जातात आणि झटकणाऱ्याच्या छातीत जातात ते वेगळंच. विकणारे म्हणतात की गाई खातात की हेच. गाईच्या पोटाची रचना वेगळी आहे, तिला थोडंफार खपून जातं, घोड्याला तर उलटीसुद्धा करता येत नाही, पोटात गेलं ते गेलं, मग पोटशूळ होऊन जिवावर बेततं.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे गवत कापलं कधी. तुरे येऊन बी भरलं की काडी जाड आणि कडक होते, पात कमी, पचायला जड, मग रंग कितीही छान असो. प्रोटीन जास्त करून पानात असतं. मूठभर घेऊन घट्ट आवळा, मऊ लागलं तर ठीक, टोचलं तर उशिरा कापलेलं आहे. अर्थात रिकाम्या बसलेल्या लठ्ठ घोड्याला असं जरा जाड गवतच बरं (बुरशी नको फक्त), दूध पाजणाऱ्या घोडीला मात्र पानवालंच हवं. लसूणघासाचं बघताना पानं काडीला धरून आहेत का ते बघा, फार वाळवलं की पानं गळून नुसत्या काड्या उरतात.

साखर मात्र डोळ्याने कळत नाही. ज्या घोड्याला लॅमिनायटिस म्हणजे खुराच्या आत सूज येऊन गेलीय त्याच्या गवतात साखर आणि स्टार्च मिळून १०-१२ टक्क्यांच्या आत असावं, ते लॅबमध्येच समजतं, आणि सॅम्पल एकाच गठ्ठ्याचं नाही, १५-२० गठ्ठ्यांच्या आतलं काढून एकत्र करून द्यायचं. भिजवून साखर कमी होते पण किती ते नक्की नसतं, आणि ते पाणी फेकून द्यायचं, घोड्याला पाजायचं नाही.

तर विनंती एवढीच की ते झटकून द्यायचं वाक्य दुरुस्त करून छापा, बुरशीचं गवत घोड्याला द्यायचंच नाही असं स्पष्ट लिहा, आणि पुढचा एक अख्खा लेख पशुवैद्यकाकडून फक्त गवतावर येऊ द्या.

आपला,
घोडे सांभाळणारा एक वाचक