सह्यांच्या कागदावर मी सही केली नाही

मा. संपादक,

शेजारच्या सोसायटीत चोरटे घुसून एका वृद्ध जोडप्याला मारहाण झाली. तेव्हापासून आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'भर चौकात फाशी द्या'चा सपाटा चालू आहे, आणि त्याच मागणीसाठी सोसायटीत सह्यांचा कागदही फिरतोय. भीती मला कळते. १९७६-७७मध्ये पुण्यात घरात घुसून कुटुंबंच्या कुटुंबं मारली गेली, त्या जोशी-अभ्यंकर हत्याकांडाच्या वेळी मी एरंडवण्यात नवी सून होते. दिवेलागणीलाच दाराला कडी, आतून पाटा टेकवलेला. ओळखीचा आवाज आला तरी सासूबाई आधी खिडकीतून बघायच्या. मारेकरी तर कॉलेजची मुलं निघाली! २७ नोव्हेंबर १९८३ला येरवड्यात चौघे फासावर गेले, तेव्हा आमच्याकडे कोणी हळहळलं नाही. मीही नाही.

पण १९९४च्या पौड रस्त्यावरच्या सात खुनांचं काय? फाशीची शिक्षा सुनावलेल्यांपैकी एक जण गुन्ह्याच्या वेळी जेमतेम १२ वर्षांचा होता, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२३मध्ये मान्य केलं. तोवर २८ वर्षं तो तुरुंगात. मधल्या काळात फास आवळला गेला असता तर?

म्हणून फाशीच्या मागणीवर मी सही केली नाही. (सेक्रेटरी अजून बोलत नाहीत.) रात्रीची गस्त वाढवा, असा अर्ज पोलीस चौकीत द्यायचा असेल तर पहिली सही माझी.

— एक ज्येष्ठ वाचक, कोथरूड, पुणे