रविवारच्या त्या सगळ्यांना मनापासून थँक्यू

नावं विचारायची राहून गेली म्हणून इथे लिहितेय. मे महिना, नागपूरचं ऊन, स्कूटीच्या डिक्कीत ठेवलेलं माझ्या वेशभूषेचं फोमचं चिलखत, आणि अ‍ॅनिमेच्या (म्हणजे जपानी कार्टूनच्या) आपल्या छोट्याशा संमेलनाच्या दारातच खांद्याचा तुकडा सुटून हातात आला, कारण ग्लू गनचा गोंद उन्हात मऊ पडतो. मला तर रडूच कोसळलं. तेवढ्यात पांढऱ्या विगवाला एक दादा आला, म्हणाला, "थांब ना बापा, होते सगळं," आणि बॅगेतून फेविबॉण्ड काढला, दोन्ही बाजूंना पातळ लावून दहा मिनिटं सुकू दिला अन् मगच दाबून चिकटवला, एवढा पेशन्स! एका ताईने उसवलेली शिवण पुन्हा शिवून दिली. गाण्यांच्या वेळी घाबरले तर मागच्या रांगेतल्या पोरांनी माझ्यासोबत अख्खं कडवं गायलं, ते मी नाही विसरणार.

आणि संमेलन संपल्यावर सीताबर्डी इंटरचेंजपर्यंत सोबत आलेल्या तिघींनो, मी अ‍ॅक्वा लाइनच्या मेट्रोत बसेपर्यंत तुम्ही थांबलात, घरी आईला सांगितलं तर तिनेही तुम्हाला थँक्यू म्हटलंय. ताई, तुमची छोटी कात्री माझ्याकडेच राहिलीय, जपून ठेवलीय.